तिरकी रेघ

काजलने फोल्डर उघडला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते, आणि तिचे मोठे बाबा आर्वीच्या बसस्थानकावरून निघून तास झाला होता.

आत अकरा फोल्डर दिसायला हवे होते. अकरा गावं, एकेका गावाचा एकेक फोल्डर, आणि सगळ्यांत मिळून एक हजार आठशे शेहेचाळीस फोटो. त्याऐवजी तिथे गावांच्या नावाच्या अकरा फाइली होत्या. कोऱ्या पांढऱ्या चिन्हाच्या. काजलने पहिल्या फाइलवर दोनदा टिचकी मारली. ती उघडेना. नावाच्या शेवटी ‘.jpg’ ही फोटोची खूण जोडल्यावर उघडली. एका शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचं, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीचं, पान होतं, शेवटचं. दुसरी फाइल उघडली. दुसऱ्या शाळेचं पान, तेही शेवटचं.

अकरा फाइली, अकरा पानं. बाकीचे एक हजार आठशे पस्तीस फोटो कुठेच नव्हते.

तिने पुन्हा प्रोग्रामचा निरोप वाचला. काल संध्याकाळी आला होता तोच, हिरव्या अक्षरांत: ‘१८४६ फाइली हलवल्या.’ तो निरोप पाहून तिने लॅपटॉप मिटला होता, मोठे बाबांच्या मोबाइलचं मेमरी कार्ड त्यांच्या हातात दिलं होतं आणि म्हटलं होतं, “झालं मोठे बाबा. आता कार्ड रिकामं हाय, पाहिजे तेवढे फोटो काढा.”

हे वाक्य तिला जसंच्या तसं आठवलं.

मोठे बाबा म्हणजे प्रेमदास गुरुजी. आष्टीच्या अलीकडे बोरखेडी नावाचं त्यांचं गाव. पस्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. जात पडताळणीला गेलं की जुना पुरावा मागतात, आजोबा-पणजोबाचा, आणि तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतो: गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात. ती रजिस्टरं कपाटात पडून चुरा होत होती. गुरुजी एसटीने, कधी कुणाच्या गाडीमागे बसून अकरा गावांना गेले, मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि चौदा महिने मोबाइलने एकेक पान टिपत राहिले. कोणता फोटो कोणत्या गावाचा, हे एका वहीत लिहीत गेले.

काजल त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. नागपूरच्या एका छोट्या कंपनीचं काम ती आर्वीत घरूनच करायची. वहीतले आकडे पाहून ती म्हणाली होती, “हे हातानं वेगळं कराले महिना लागन. मी प्रोग्राम लिहून देतो, दोन मिनिटांत होते.”

खरोखर दोन मिनिटांतच झालं होतं.

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. आज बोरखेडीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, आणि फोटो काढायची जबाबदारी गुरुजींवर होती. म्हणून तर ते सकाळच्या गाडीने घाईने गेले होते.

काजलला एवढं माहीत होतं की कार्डावरून पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. त्याची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. वर काही लिहिलं गेलं नाही तर तो परत काढता येतो. पण नवा फोटो काढला, व्हिडिओ घेतला, की तो त्याच मोकळ्या जागेत जाऊन बसतो, आणि जुना कायमचा जातो. लॅपटॉपवर तर एकावर एक लिहिलं गेलंच होतं, तिथून काही निघणार नव्हतं. जे काही उरलं होतं ते त्या कार्डात होतं, आणि ते कार्ड बोरखेडीत, गुरुजींच्या हातात, कॅमेरा चालू असलेल्या मोबाइलमध्ये होतं.

“आई, मी बोरखेडीले चालली,” म्हणत तिने लॅपटॉप पिशवीत कोंबला.

“आत्ता? जेवण तं करून जा!”

ती जिन्याच्या खाली पोचली होती.

आष्टीची गाडी भरलेली होती. काजलला खिडकीपाशी जागा मिळाली, कारण शेजारी बसलेल्या बाईने आपली मेथीची जुडी आणि वांग्यांची पाटी पायाखाली सरकवली. गाडी निघाली तसा काजलने पुन्हा फोन लावला. या वेळी दोन रिंगा झाल्या आणि कॉल कापला गेला.

म्हणजे फोन त्यांच्या हातात होता. म्हणजे ते शूटिंग करत होते.

तिने ‘फोटो काढू नका’ असा मेसेज टाकला. एक खूण उमटली, दुसरी उमटेना. नेट बंद करून ठेवायची गुरुजींची सवय. तिने साधा मेसेजही टाकला. ते मेसेज कधीच वाचत नसत. बँकेचे असतात म्हणायचे.

“काय झालं व पोरी?” शेजारची बाई म्हणाली.

“काई नाई काकू.”

“कोनी आजारी हाय का?”

“नाई. एक काम बिघडलं माह्याच्यानं.”

बाईचं नाव कुसुमबाई. आर्वीच्या बाजूला त्यांचा भाजीचा मळा होता आणि आज आष्टीचा बाजार. आजार नाही म्हटल्यावर त्यांनी निःश्वास सोडला आणि पदर नीट केला. काजलने मांडीवर लॅपटॉप उघडला.

तिला राहवत नव्हतं. चूक कुठे झाली ते तिला बघायचंच होतं. फाइली हलवण्यासाठी तिने एक लायब्ररी वापरली होती, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवलेला तयार कोड. अशा लायब्ररीसोबत डॉक्युमेंटेशन असतं: कोणती आज्ञा दिली की काय होतं त्याची लेखी माहिती. काजल ती वाचल्याशिवाय काही वापरत नसे. ऑफिसात तिला त्यावरून चिडवायचे. ही माहितीही तिने वाचली होती, आणि उतरवून ठेवली होती म्हणून गाडीत नेट नसतानाही ती समोर होती.

‘ज्या फोल्डरात फाइल न्यायची तो अस्तित्वात नसेल, तर तो तयार केला जातो.’

स्वच्छ वाक्य होतं. त्यात दोन अर्थ निघायला जागाच नव्हती. तिने फोल्डर बनवले नव्हते, कारण ते बनवले जातील असं लिहिलेलं होतं. आणि तिने आधी तीन फोटो घेऊन चाचणीही केली होती. तेव्हा तर सगळं बरोबर गेलं होतं.

गाडी एका खड्ड्यातून गेली आणि लॅपटॉप उडाला. कुसुमबाईंनी एका हाताने तो धरला.

चाचणी कशी केली होती? काजलने डोळे मिटले. ‘चाचणी’ नावाचा फोल्डर केला होता. हाताने. आधी.

तिने लॅपटॉपवर वेगळ्या जागी नवीन प्रयोग केला. पाच कोऱ्या फाइली घेतल्या आणि जो फोल्डर अस्तित्वातच नव्हता त्याचा पत्ता दिला. प्रोग्राम म्हणाला, ‘५ फाइली हलवल्या.’ पाहिलं तर एकच फाइल. लायब्ररीने पत्त्यातलं शेवटचं नाव फोल्डरचं धरलंच नव्हतं. फाइलचं नवं नाव म्हणून धरलं होतं. पहिली फाइल त्या नावाने ठेवली, दुसरी तिच्यावर, तिसरी दुसरीवर. कुठे अडली नाही, काही विचारलं नाही.

मग तिने पत्त्याच्या शेवटी एक तिरकी रेघ ( / ) दिली, आणि तोच प्रयोग पुन्हा केला.

फोल्डर तयार झाला. आत पाच फाइली.

एक तिरकी रेघ. ती असली तर फोल्डर, नसली तर फाइल. माहितीच्या त्या वाक्यात रेघेचा उल्लेख नव्हता. खाली एक उदाहरण दिलं होतं, त्यात मात्र पत्त्याच्या शेवटी ती होती. बारीक, न सांगता ठेवलेली. काजलने ते उदाहरणही वाचलं होतं. तिच्या नजरेने रेघ वगळली होती.

क्षणभर तिला हलकं वाटलं. माझी चूक नाही. मग लगेच दुसरं मन बोलायला लागलं. नक्कल करायची सोडून हलवायला कुणी सांगितलं होतं? हिरवी अक्षरं पाहून फोल्डर न उघडता लॅपटॉप मिटायला कोणत्या डॉक्युमेंटेशनने सांगितलं होतं? दोन मिनिटांची फुशारकी कुणी मारली होती?

तळेगाव मागे पडलं. तिने पुन्हा फोन लावला. पुन्हा कापला गेला.

“अवो, कोनाले लावून राह्यली एवढा?” कुसुमबाईंनी विचारलं.

“माहे मोठे बाबा हायेत बोरखेडीले. प्रेमदास गुरुजी. त्याइले निरोप द्यायचा हाय अन् ते उचलत नाईत.”

“बोरखेडी? शाळेपाशी चिंधूचा पानठेला नाई का! माह्या बहिनीचा दीर हाय तो.” कुसुमबाईंनी कमरेच्या पिशवीतून छोटा मोबाइल काढला, बराच वेळ बटणं दाबली आणि मोठ्याने ओरडल्या, “हॅलो, चिंधूभाऊ! हे पोरगी काय म्हनते आयक!”

काजलने फोन घेतला. “काका, मी गुरुजींची पुतनी, काजल. पळत शाळेत जा. गुरुजींले सांगा, मोबाइलनं एकबी फोटो काढू नका, अन् शूटिंग करू नका. मी गाडीत हाय, येऊन राह्यली. समजलं का?”

“हो हो. मोबाइल, फोटो, तू येऊन राह्यली,” चिंधू म्हणाला. मागे लाउडस्पीकरवर गाणं वाजत होतं. “जातो मी.”

काजलने फोन परत दिला. कुसुमबाईंनी तिच्या हातात एक संत्रं ठेवलं. ते सोलायचं भान तिला राहिलं नाही. फाट्यावर उतरेपर्यंत ते तिच्या मुठीतच होतं.

फाट्यापासून शाळा किलोमीटरभर. ती अर्धं अंतर धावली, अर्धं चालली. शाळेच्या पटांगणात मांडव होता. स्टेजवर तिसरी-चौथीची मुलं फेटे बांधून नाचत होती, आणि सगळ्यांत पुढे, आडवा मोबाइल धरून, गुरुजी उभे होते. तिला पाहताच त्यांचा चेहरा फुलला. मोबाइल न हलवता ते म्हणाले, “आलीस का बेटा! चिंधू सांगून गेला, काजल येऊन राह्यली, मोबाइलचं अन् फोटोचं काईतरी म्हनत होती. म्हटलं तुले पाहाले पाहिजे असन, म्हनून सुरुवातीपासून पूरा घेऊन राह्यलो.”

काजलने त्यांच्या हातातला मोबाइल हिसकावला.

ते तिला नंतर किती दिवस आठवत राहिलं. बायका वळून पाहू लागल्या. मुख्याध्यापिका उज्वला मॅडम खुर्चीवरून उठल्या. ज्या माणसासमोर सगळं गाव वाकून बोलायचं, त्याच्या हातातून पुतणीने भर मांडवात वस्तू ओढून घेतली होती. ती मोबाइल बंद करत होती आणि गुरुजी रिकामे हात तसेच धरून उभे होते.

“काय करून राह्यली तू?” ते हळू म्हणाले. त्या हळू आवाजाची तिला लहानपणापासून भीती होती.

“मोठे बाबा, फोटो गेले.”

“कोनते फोटो?”

“रजिस्टरचे. सगळे.”

उज्वला मॅडमनी त्यांना ऑफिसात बसवलं. बाहेर गाणं पुन्हा सुरू झालं. काजलने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शूटिंग किती झालं ते पाहिलं: एक्केचाळीस मिनिटं, आणि वर दीडशे फोटो. गुरुजी ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “तू वाचलं होतं ना, ते कसं वापराचं ते?”

“वाचलं होतं. तीनदा.”

“मंग?”

“जे लिवलं हाय ते अर्धंच हाय, मोठे बाबा. उरलेलं अर्धं लिवलंच नाई.”

गुरुजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पस्तीस वर्षं मी पोट्ट्याइले सांगितलं, लिवलेलं वाचा, मंग करा,” ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले. व्हरांड्यात पाठमोरे उभे राहिले. काजलला वाटत होतं त्यांनी ओरडावं. ते ओरडले नाहीत.

तिने कार्ड लॅपटॉपला जोडलं, पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर लावलं, आणि वाट पाहत बसली. एक टक्का. दोन टक्के. ती उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची. उज्वला मॅडमनी चहा पाठवला तो गार झाला. तीन टक्क्यांवर पहिलं पान उगवलं: तपकिरी कागद, निळी शाई, कडेला गुरुजींच्या अंगठ्याचं टोक. मग दुसरं. मग एकदम चाळीस. काजल मोजत होती आणि मोजणं चुकत होती. बाहेर बक्षिसं वाटून झाली, मांडव सोडला गेला, सतरंज्या झटकल्या गेल्या. चार वाजता मोजणी थांबली.

एक हजार सातशे दोन.

“एकशे चव्वेचाळीस नाई आले,” ती म्हणाली. गुरुजी केव्हा मागे येऊन उभे राहिले तिला कळलं नव्हतं.

“कोनते?”

ते कळायला दोन दिवस लागले. परत आलेल्या फोटोंची नावं गेली होती. एकेक पान उघडायचं, गुरुजींच्या वहीशी ताडून पाहायचं. काजल बोरखेडीतच राहिली. दोघं शेजारी बसायची, आणि कामापुरतंच बोलायची. न आलेल्यांपैकी एकशे एकतीस पानांची रजिस्टरं अजून शाळांच्या कपाटात होती. गुरुजी पुन्हा एसटीने गेले, काजलही गेली, पुन्हा फोटो काढले. उरली तेरा पानं. ती एकाच शाळेची होती, सगळ्यांत जुन्या रजिस्टराची. गुरुजींनी फोटो काढल्यानंतर त्या शाळेच्या कपाटाला वाळवी लागली होती, आणि रजिस्टराचा जो भुगा उरला तो गेल्या वर्षीच फेकून झाला होता.

तेरा पानं. एका पानावर वीस नावं.

आर्वीला परतल्यावर काजलला चैन पडेना. ऑफिसचं काम करताना ती मधेच थांबून जुने फोल्डर उघडून पाहायची, आहेत ना म्हणून. एकदा उघडून पाहिलं की मिटायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उघडायची. शेवटी एका दुपारी तिने लायब्ररी सांभाळणाऱ्यांना पत्र लिहिलं. कोण, कुठले, तिला माहीत नव्हतं. वाक्य काय म्हणतं, प्रत्यक्षात काय होतं, पाच फाइलींचा प्रयोग, सगळं क्रमाने मांडलं. आधी तिने तेरा पानांचं काही लिहिलं नव्हतं. मग पाठवण्याआधी लिहिलं.

उत्तर नऊ दिवसांनी आलं. वागणूक बदलता येणार नाही, कारण पुष्कळ लोकांचे प्रोग्राम तिच्यावरच चालतात. वाक्य मात्र बदलतो. तुमची पानं गेली याचं वाईट वाटलं. खाली नवं वाक्य दिलं होतं, रेघेसकट, आणि सोबत एक इशारा: रेघ नसेल तर फाइलीवर फाइल लिहिली जाऊ शकते.

काजलने ते गुरुजींना फोनवर वाचून दाखवलं, मराठीत करून.

मग गुरुजी म्हणाले, “चांगलं झालं. दुसऱ्या कोनाचं नाई जानार.” आणि थोड्या वेळाने, “रविवारी येजो. मले एक सुचलं हाय.”

त्यांना सुचलं होतं ते असं: शाळा सोडल्याच्या दाखल्यावर रजिस्टरातला अनुक्रमांक असतो, नाव, जात, जन्मतारीख, सगळं त्यातूनच उतरवलेलं. रजिस्टर गेलं तरी ज्यांनी त्या काळी दाखला काढला त्यांच्या पेट्यांत तो असणार. पडताळणीवाले रजिस्टराएवढं वजन त्याला देतील की नाही ते गुरुजींना ठाऊक नव्हतं. पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

ते दोघं त्या गावात घरोघर गेले. पहिल्या रविवारी चार दाखले मिळाले, दुसऱ्या रविवारी सात. काही घरी कुणीच नव्हतं, पुण्याला गेलेले. एका घरी दाखला होता पण चुलत्याशी वाटणीचं भांडण, पेटी उघडू देईनात. तिसऱ्या रविवारी ते तानाबाईंकडे आले. ऐंशी उलटलेल्या. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली आणि फडक्यात गुंडाळलेला नवऱ्याचा दाखला काढून दिला. घड्यांवर फाटलेला, पण अक्षर शाबूत.

काजलने फोटो काढला. लगेच दोन ठिकाणी नक्कल केली. दोन्ही उघडून पाहिल्या.

“वाच बरं,” तानाबाई म्हणाल्या. “मले काई वाचता येत नाई.”

काजलने अनुक्रमांक वाचला, नाव वाचलं, बापाचं नाव, धंदा, गाव. जन्मतारीख वाचली: एक जुलै.

तानाबाई हसल्या. “खोटं हाय ते. थे शिमग्याच्या दिवशी झाले होते, माही सासू सांगे. मास्तरनं काई इचारलं नाई, टाकून देली तारीख.”

काजलने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी ओशाळून हसत होते. “मीबी टाकल्या हायेत तशा,” ते म्हणाले. “लय पोट्ट्याइच्या. एक जुलै, एक जुलै.”

“मंग आता काय लिवू?”

गुरुजी खाटेवर बसले. कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी मोकळेपणाने बोलत होते. “कागदावर हाय तेच लिव,” ते म्हणाले. “अन् बाजूले लिव, तानाबाई काय म्हनते ते.”

काजलने लॅपटॉपवरच्या दाखल्यांच्या तक्त्यात एक जुलै लिहिलं. शेजारी एक नवा रकाना आखला, त्याला काय नाव द्यावं हे तिला पटकन सुचेना, म्हणून वरचा चौकोन तसाच मोकळा सोडून तिने आत लिहिलं: शिमग्याचा दिवस, बायकोने सांगितल्याप्रमाणे. तानाबाई आत चहासाठी चूल पेटवायला गेल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, साखर किती टाकू.